उर्दू, मराठी की इंग्रजी? मुलांच्या शाळेचं माध्यम ठरवण्याआधी हे समजून घेऊ या

शाळेचे प्रवेश जवळ आले की आपल्या घरांमध्ये एकाच विषयावर बैठक बसते. दादी म्हणते, उर्दू शाळेतच घाला, नाहीतर पोराला आपली जुबानच येणार नाही. अब्बा म्हणतात, इंग्रजीशिवाय आता विचारतंय कोण? मामूंचं म्हणणं असतं की पोलीस भरती असो की तलाठी भरती, परीक्षा मराठीतच होते, तेव्हा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत टाका. अम्मी शांतपणे एकच प्रश्न विचारते, "घरी अभ्यास घेणार कोण?"

खरं सांगायचं तर या चौघांचंही बरोबर आहे. म्हणूनच निर्णय अवघड होतो. त्यात गेल्या काही काळात राज्यात भाषेवरून एवढा गोंधळ झाला की अनेक पालकांना आता नेमका नियम काय आहे, हेच कळेनासं झालंय. हिंदी सक्तीची झाली का? उर्दू शाळांचं काय होणार? मराठी किती वर्षं घ्यावी लागते? या लेखात आम्ही हे प्रश्न एकेक करून सोडवणार आहोत.

एप्रिल 2025: लागोपाठचे दोन दिवस

15 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगर परिषदेच्या प्रकरणात निकाल दिला. नगर परिषदेच्या इमारतीवरच्या फलकावर मराठीसोबत उर्दूतही नाव लिहिलं होतं. त्याला हरकत घेण्यात आली होती. न्यायालयाने हरकत फेटाळली. मराठीसोबत उर्दू वापरायला कायद्याची मनाई नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे आणि उर्दू ही याच मातीत जन्मलेली भाषा आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

दुसऱ्याच दिवशी, 16 एप्रिलला, राज्य सरकारने शासन निर्णय काढला. मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून पाचवीपर्यंत हिंदी ही तिसरी भाषा म्हणून अनिवार्य करण्यात आली. यावर राज्यभर विरोध सुरू झाला. 17 जूनला सुधारित निर्णय आला. त्यात 'अनिवार्य' शब्द गेला, हिंदी 'सर्वसाधारणपणे' तिसरी भाषा राहील असं म्हटलं, आणि वर्गातल्या किमान 20 विद्यार्थ्यांनी दुसरी भारतीय भाषा मागितली तर ती शिकवली जाईल, अशी अट घातली गेली. विरोध काही थांबला नाही. शेवटी 29 जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेतले आणि त्रिभाषा धोरण कसं राबवायचं हे ठरवायला डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याची घोषणा केली.

या सगळ्या वादात एक गोष्ट फारशी कुणी बोललं नाही. पहिलीच्या मुलावर तीन भाषांचं ओझं टाकावं का, यावर राज्यभर एवढी चर्चा झाली. पण उर्दू माध्यमात पहिलीत बसणारं आपलं मूल हे ओझं आधीपासूनच उचलत आहे.

उर्दू शाळेत तीन भाषा कधीच्याच आल्या

कसं ते पाहा. महाराष्ट्रात 2000 सालापासून सर्व माध्यमांच्या शाळांत इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते. 2020 साली राज्याने कायदा करून सर्व मंडळांच्या आणि सर्व माध्यमांच्या शाळांमध्ये पहिली ते दहावी मराठी सक्तीची केली. ही सक्ती 2020-21 पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. न शिकवणाऱ्या शाळेला एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. म्हणजे उर्दू माध्यमाच्या मुलाला पहिलीपासून उर्दू, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा आहेतच. जून 2025 च्या निर्णयातही मराठी-इंग्रजी सोडून इतर माध्यमांच्या शाळांसाठी हाच क्रम सांगितला होता.

यात आणखी एक भर असते. आपली बहुतेक मुलं सकाळी किंवा संध्याकाळी मकतबला जातात, कायदा आणि मग नाज़िरा शिकतात. म्हणजे सहा वर्षांच्या मुलासमोर चार लिखाणं येतात. अरबीची मांडणी वेगळी, उर्दूची नस्तालीक वेगळी, मराठीची देवनागरी आणि इंग्रजीची रोमन. त्यातल्या दोन उजवीकडून डावीकडे आणि दोन डावीकडून उजवीकडे. याला कुणी 'धोरण' म्हणत नाही, पण मुलाच्या डोक्यावर ते रोज असतं.

आमचं म्हणणं असं नाही की मुलांना हे झेपत नाही. लहान मुलं चार भाषांमध्ये आरामात वावरतात, आपण ते रोज पाहतो. झेपत नाही ती घाई. एक लिपी पक्की व्हायच्या आत दुसरी, तिसरी, चौथी आली की एकही नीट बसत नाही. म्हणून पहिली-दुसरीत आधी एक लिपी वाचायला पक्की करा आणि बाकीच्या भाषा बोलण्यातून, गाण्यांतून, गोष्टींतून सुरू करा. एवढं शाळेने आणि घराने मिळून सांभाळलं तरी निम्मं काम होतं.

आपली मातृभाषा नेमकी कोणती?

हा प्रश्न ऐकायला साधा वाटतो, पण आपल्यासाठी तो साधा नाही. 2011 च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात मुस्लिमांची संख्या जवळपास 1 कोटी 30 लाख होती. त्याच जनगणनेत उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे 75 लाख होते. उर्दू सांगणारा प्रत्येक जण मुस्लिम असतो असंही नाही. तरीही हिशोब स्पष्ट आहे. राज्यातल्या फार मोठ्या संख्येने मुस्लिमांनी आपली मातृभाषा उर्दू लिहिलेली नाही.

आणि ते खरंच आहे. रत्नागिरी-रायगडचे कोकणी मुसलमान घरात कोकणी बोलतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या मुलाणी, तांबोळी, अत्तार, शिकलगार घरांमध्ये दखनी आणि मराठी अशी मिसळलेली असतात की सांधा कुठे आहे ते सापडत नाही. दखनीतला 'नक्को' म्हणजे आपला मराठी 'नको'च. 'मैंच जाता' मधला जोर देणारा 'च' सुद्धा मराठीचा. मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमाग वस्त्यांत उत्तरेकडून आलेल्या घरांची उर्दू वेगळी. मुंबईत तर एका इमारतीत चार बोली.

दुसऱ्या बाजूला मराठीही आपल्याला परकी नाही. शाळेतलं दप्तर, कागद, शाई, हजेरी, तारीख हे शब्द फारसी-अरबीतूनच मराठीत आले. कोर्टात गेलं तर वकील आणि अर्ज, शेतावर गेलं तर जमीन आणि हिशोब. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आवाज होते. 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते. तेव्हा 'मराठी त्यांची, उर्दू आमची' ही वाटणी ना इतिहासात बसते, ना आपल्या घरात.

धर्माच्या बाजूनेही कोणी घाबरण्याचं कारण नाही. कुरआनच्या सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणं ही अल्लाहची निशाणी म्हणून सांगितली आहे. एखादी भाषा शिकल्याने कोणी दीनपासून लांब जात नाही.

कायदा कोणाच्या बाजूने आहे?

थोडक्यात सांगायचं तर कायद्याने पालकांना बरंच काही दिलं आहे.

राज्यघटनेच्या कलम 350अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं, यासाठी राज्याने आणि स्थानिक संस्थांनी पुरेशा सोयी कराव्यात. हे कलम 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलं. कलम 29 भाषा आणि लिपी जपण्याचा हक्क देतं, तर कलम 30 धार्मिक आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा.

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये शिकवण्याचं माध्यम शक्य तितकं मुलाची मातृभाषा असावी, असं म्हटलं आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सुद्धा सांगतं की शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत आणि जमल्यास आठवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं. तीनपैकी किमान दोन भाषा भारतीय असाव्यात, पण कोणतीही भाषा कोणत्याही राज्यावर लादली जाणार नाही, असंही त्यात आहे.

मग सरकार मातृभाषेची सक्ती करू शकतं का? नाही. कर्नाटकच्या प्रकरणात 6 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की प्राथमिक शाळेत मातृभाषेचंच माध्यम घ्या अशी सक्ती राज्य करू शकत नाही. मुलाच्या वतीने माध्यम निवडायचं ते पालकांनी.

म्हणजे निवड आपल्या हातात आहे. आता निवडायचं कसं, ते पाहू.

बोलता येणं वेगळं, शिकता येणं वेगळं

आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे. पोरगं इंग्रजीत 'मे आय गो टू वॉशरूम' म्हणायला लागलं की आपण खूश होतो, झाली इंग्रजी. कॅनडातले अभ्यासक जिम कमिन्स यांनी याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. नव्या भाषेत रोजचं बोलणं मूल साधारण दोनेक वर्षांत शिकतं. पण त्याच भाषेत गणिताचं शाब्दिक उदाहरण समजून घेणं, विज्ञानातलं कारण लिहिणं, इतिहासाचं उत्तर स्वतःच्या शब्दांत मांडणं, यासाठी पाच ते सात वर्षं लागतात.

याचा आपल्यासाठी अर्थ काय? ज्या घरात इंग्रजी कोणी बोलत नाही, तिथलं मूल इंग्रजी माध्यमात पहिलीत गेलं तर चौथी-पाचवीपर्यंत ते बोलण्यात हुशार दिसतं, पण धडा मात्र पाठ करत असतं. पाचवीनंतर पाठांतर पुरत नाही. मग शिकवणी लागते, शिकवणीवालाही उत्तरंच लिहून देतो आणि आठवीत एक दिवस शाळेतून निरोप येतो. फी भरून भरून घर थकलेलं असतं, आणि दोष पोराला लागतो.

कमिन्स यांचं दुसरं म्हणणं आशा देणारं आहे. एका भाषेत नीट वाचायला, समजायला आणि विचार करायला शिकलेलं मूल ते कौशल्य दुसऱ्या भाषेत सोबत घेऊन जातं. उर्दूत 'क्यों' चं उत्तर द्यायला शिकलेल्या मुलाला मराठीत 'का' चं उत्तर देताना फक्त शब्द नवे शिकायचे असतात, विचार करायला पुन्हा शिकावं लागत नाही. म्हणून पाया कोणत्या भाषेत घातला, त्याइतकंच तो पक्का आहे का, हेही पाहावं लागतं.

इथे मकतबबद्दलही एक गोष्ट नम्रपणे सांगावीशी वाटते. नाज़िरामध्ये उच्चार शुद्ध असण्याला महत्त्व आहे आणि ते योग्यच आहे. पण मुलाच्या मनात 'वाचणं म्हणजे न अडखळता म्हणणं' एवढंच बसलं तर शाळेतलं पुस्तकही ते तसंच म्हणतं, अर्थाकडे लक्ष देत नाही. आयतीचा अर्थ मुलाच्या बोलीत दोन वाक्यांत सांगणारे मौलवीसाहेब नकळत शाळेचंही काम करत असतात.

उर्दू शाळेतल्या मराठीचं दुखणं

आता थोडं कडू बोलू. उर्दू माध्यमातून दहावी झालेला मुलगा उर्दूत छान निबंध लिहितो, पण तहसील कार्यालयात अर्ज लिहिताना दुसऱ्याला शोधतो. भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरणाचे गुण त्याला मागे खेचतात. दहा वर्षं मराठी विषय होता, मग हे कसं झालं?

एक कारण शिकवण्यात आहे. बालभारती मराठी नसलेल्या माध्यमांसाठी मराठीचं 'सुलभभारती' हे वेगळं पुस्तक काढते. पुस्तकात गाणी, चित्रं, संवाद आहेत. पण अनेक वर्गांत होतं काय? शिक्षक मराठी धडा उर्दूत समजावतात, फळ्यावर प्रश्नोत्तरं लिहितात, मुलं उतरवतात. तासभर मराठी चालते, पण मुलाच्या तोंडून मराठीचं एक वाक्य निघत नाही. शिक्षक स्वतः उर्दू माध्यमातून आलेले असले आणि त्यांनाच मराठीची धास्ती असली, तर ते तरी काय करणार? ज्या शाळेत पट कमी म्हणून शिक्षकांची पदंच कमी, तिथे मराठीचा तास सगळ्यात आधी गळतो.

दुसरं कारण भाषेत आहे आणि ते समजलं तर सोपं होतं. उर्दूत दोन लिंगं, मराठीत तीन. म्हणून आपली मुलं 'पाणी आला', 'पुस्तक फाटली', 'घर मोठा आहे' असं लिहितात. ती निष्काळजीपणाने चुकत नाहीत. त्यांच्या डोक्यात पानी आणि घर पुल्लिंगी, किताब स्त्रीलिंगी असते, तेच ती मराठीत आणतात. उर्दूत ळ नाही, म्हणून 'वेळ' चं 'वेल' होतं आणि अर्थच बदलतो. ण चं न होतं ते यामुळेच. शिक्षकांनी या चार-पाच जागा ओळखून महिनाभर फक्त त्यावर खेळ घेतले, तर निम्म्या चुका जातील. लाल शाईने वही रंगवून मात्र मुलाचा हात लिहायलाच कचरतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. मराठी शाळेत गेलेल्या आपल्या अनेक मुलांना उर्दू बोलता येते पण वाचता येत नाही. दादाच्या जुन्या पेटीतली पत्रं त्यांच्यासाठी बंद होतात. हेही नुकसानच आहे.

माध्यम निवडताना काय पाहायचं?

आमचा अनुभव असा की शाळेच्या फाटकावर कोणत्या माध्यमाचं नाव आहे यापेक्षा वर्गात काय चालतं ते जास्त महत्त्वाचं. प्रवेशाआधी एक सकाळ काढा आणि शाळेत जाऊन या. हे विचारा:

- सगळ्या वर्गांना शिक्षक आहेत का, की एकच शिक्षक तीन वर्ग सांभाळतात?
- तिसरीतलं मूल पुस्तक न पाहिलेली एक गोष्ट वाचून तिचा अर्थ सांगू शकतं का? एखाद्या मुलाला प्रेमाने वाचायला सांगून पाहा.
- उर्दू शाळा असेल तर मराठी कोण शिकवतं? तासाला मुलं मराठीत बोलतात का?
- मराठी किंवा उर्दू शाळेत सेमी इंग्रजी आहे का, म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून? असेल तर ते कोणत्या इयत्तेपासून, आणि शिकवणाऱ्याला जमतं का?
- इंग्रजी शाळा असेल तर घरी अभ्यास घेणारं कोणी आहे का? नसेल तर पुढची दहा वर्षं शिकवणीची फी जोडून हिशोब करा.
- मुलींसाठी शाळा किती लांब आहे? सातवीनंतर पुढे त्याच माध्यमाची माध्यमिक शाळा जवळ आहे का? नसेल तर मुलीचं शिक्षण तिथेच थांबण्याची भीती आज लक्षात घ्या.

घरात उर्दू किंवा दखनी चालते आणि जवळ चांगली उर्दू शाळा आहे, तर ती जरूर निवडा, पण मराठीची जबाबदारी पहिल्या दिवसापासून घ्या. घरात मराठी-कोकणी चालते तर मराठी शाळा नैसर्गिक आहे, फक्त उर्दू वाचन घरी किंवा मकतबमध्ये जोडा. इंग्रजी माध्यम घ्यायचं तर घरात वाचन असायला हवं, आणि मातृभाषा सोडायची नाही.

घरी आणि मोहल्ल्यात काय करता येईल?

रोज रात्री दहा मिनिटं मुलाला गोष्ट सांगा, ज्या भाषेत तुम्हाला येते त्या भाषेत. अम्मी शिकलेली नसली तरी चालेल. गोष्ट ऐकून 'मग पुढे काय झालं असेल?' हे विचारणं हाच मोठा अभ्यास आहे.

बालभारतीची सर्व माध्यमांची पुस्तकं संकेतस्थळावर पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. उर्दू आणि मराठी माध्यमाचं एकाच इयत्तेचं परिसर अभ्यासाचं पुस्तक शेजारी ठेवा. उर्दूत समजलेला धडा मराठीत वाचला की नवे शब्द आपोआप बसतात. गावात मराठी वर्तमानपत्र येत असेल तर मुलाला रोज एक बातमी मोठ्याने वाचू द्या. घरातला रेशनचा, लाईटचा, बँकेचा अर्ज आठवीच्या मुलाकडून मराठीत लिहून घ्या. चुकला तरी तोच पाठवा.

मोहल्ल्यातल्या उर्दू शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात. त्या बैठकीला जा. मराठीच्या शिक्षकाचं पद रिकामं असेल तर ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. तोंडी तक्रारीची नोंद कुठेच राहत नाही.

आणखी एक काम पुढे येतंय. 2027 च्या जनगणनेत घरोघरी मातृभाषा विचारली जाईल. तिथे घाईने किंवा कोणाच्या सांगण्यावरून काही लिहू नका. घरात जी बोलली जाते ती सांगा, आणि येणाऱ्या इतर भाषाही सांगा. शाळांच्या सोयींची मागणी करताना हेच आकडे पुढे ठेवावे लागतात.

सरकारच्या समित्या बसतील, निर्णय निघतील, मागेही घेतले जातील. तोवर आपलं मूल वाढत राहतं, त्याची पहिली एकदाच येते. तेव्हा घरातल्या बैठकीत दादी, अब्बा, मामू सगळ्यांचं ऐका, पण शेवटी अम्मीचा प्रश्न पुन्हा विचारा: घरी अभ्यास घेणार कोण? त्याचं खरं उत्तर मिळालं की माध्यम ठरवणं तेवढं अवघड राहत नाही.